रिकामी झाली की थरथरणारी पिकअप

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की आमच्या आर्वीच्या गॅरेजात पिकअपांची वर्दळ वाढते. संध्याकाळी बागेत क्रेट भरायचे, विरूळच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गाला लागायचं, पहाटे नागपूरच्या कळमना बाजारात माल उतरवायचा आणि ऊन चढायच्या आत रिकामी गाडी घेऊन परत यायचं. हे प्रकरण अशाच एका गाडीचं. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाच गिअर, ओढ मागच्या चाकांना, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, गिअरबॉक्सची फिरकी मागच्या ॲक्सलपर्यंत नेणारा दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट आणि त्या दोन तुकड्यांच्या मधोमध सेंटर बेअरिंग. मीटरवर ९० हजार किलोमीटरच्या आसपास.

मालक स्वतःच गाडी चालवतात. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आले आणि दार उघडायच्या आधीच सांगू लागले, "भरेल असली तं बरी चालते जी. खाली झाली का सत्तरच्या पुढं अशी थरथरते, का शिटावरच्या माणसाचे दात वाजते."

त्याआधी तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग दोनदा, टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे, इंजिनाचं एक माउंटिंग नवं, सेंटर बेअरिंग नवं. खर्च साडेअकरा हजार. यातल्या कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. थरथर म्हटली की चाक, चाक नसेल तर बेअरिंग, हा क्रम सगळ्यांच्याच हाताला लागलेला आहे, माझ्याही. पण "रिकामी असली की जास्त" हे वाक्य कुणी कागदावर लिहून घेतलं नव्हतं. बॅलन्स बिघडलेल्या चाकाला गाडी भरलेली की रिकामी याचं फारसं देणंघेणं नसतं.

तारखांचा घोळ

"कधीपासून?" म्हटलं. "पोळ्यापासून." "त्याच्या आधी गाडीला काय केलं होतं?" "काहीच नाही."

हे "काहीच नाही" मी कधी मानत नाही. माणूस खोटं बोलत नाही, पण बिघाडाशी संबंध नाही असं ज्याला वाटतं ते तो सांगत नाही. मी त्यांना मोबाइल काढायला लावला आणि फास्टॅगचे मेसेज मागे मागे नेत गेलो. जून संपताना एक टोल, आणि त्यानंतरचा टोल थेट पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी. मधल्या काळात गाडी महामार्गावर गेलीच नव्हती. पेरणीचे दिवस होते. बियाणं, खत, फवारणीची औषधं घेऊन ती गावोगाव फिरत होती आणि तिथे चाळीस-पन्नासच्या पुढे जायला रस्ताच नाही.

मग हळूहळू आठवलं. जुलैत पांदणीत गाडी फसली होती. ट्रॅक्टरने ओढून काढल्यावर क्लच सोडताना खालून 'खट' असा आवाज येऊ लागला, म्हणून एका ओळखीच्या मिस्त्रीला शेतावर बोलावून मागच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारा अधिकच्या आकाराचा सांधा, बदलून घेतला. भर पावसात, ताडपत्रीखाली. खट बंद झाली, विषय संपला. शिवाय ऑक्टोबरात सोयाबीन निघालं तेव्हा मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. तेही त्यांनी सांगितलं नव्हतं, मी खाली वाकून पाहिलं तेव्हा नव्या पाट्याचा काळा रंग दिसला.

म्हणजे मालकाच्या हिशेबात थरथर पोळ्याला जन्मली होती. फास्टॅगच्या हिशेबात ती जुलै ते पोळा या काळात कधीही जन्मलेली असू शकत होती, फक्त तिला दिसायला लागणारा वेग पोळ्यानंतर मिळाला. माझ्या मते या प्रकरणातला निम्मा तपास इथेच झाला.

आधी चिखल

तरीही शाफ्टला हात लावण्याआधी गाडी धुतली. काळ्या मातीच्या मुलखात हे टाळणारा मेकॅनिक पुढे स्वतःलाच शिव्या देतो. आमची माती ओली असताना डिंकासारखी चिकटते आणि वाळली की सिमेंटसारखी होते. रिमच्या आतल्या बाजूला, बाहेरून न दिसणाऱ्या कडेला ती थापून बसते. पुढच्या डाव्या रिममधून मुठीएवढं ढेकूळ निघालं. बॅलन्सिंगवाल्याने त्या ढेकळासकट चाक मशीनवर चढवलं असणार आणि ढेकळासाठीच समोरच्या बाजूला वजन ठोकलं असणार. चारही रिम खरवडून पुन्हा बॅलन्स केल्या, हवा नीट केली, नट पान्याने तपासले.

स्टिअरिंगमध्ये जी बारीक थरथर होती ती यानंतर गेली. सीटखालची तशीच राहिली. हातात येणारी थरथर बहुतेक पुढच्या चाकांची, बुडाखाली येणारी मागच्या बाजूची किंवा शाफ्टची, हा जुना ठोकताळा इथे खरा ठरला. गाडीत दोन थरथरी होत्या आणि एकीच्या आड दुसरी लपली होती.

खडू आणि टेप

गाडीत फिरणारी प्रत्येक वस्तू ठराविक वेगाला ठराविकच वेळा फिरते. थरथर सेकंदाला किती वेळा येते हे कळलं तर ती कुणाची हे विचारावं लागत नाही. त्यासाठी दोन मापं लागतात.

पहिलं माप चाकाचं. मागच्या टायरवर आणि फरशीवर खडूने खूण केली, गाडी सरळ ढकलून चाकाचा एक फेरा पूर्ण केला आणि टेप लावला. २.१५ मीटर.

दुसरं माप डिफरन्शियलचं, म्हणजे शाफ्टची ओढ दोन्ही मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरांच्या डब्याचं. इथे एक बारकावा आहे, तो माझ्याकडे येणाऱ्या पोरांना दरवेळी सांगावा लागतो. एक मागचं चाक जमिनीवर ठेवून दुसरं उचललं, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, तर उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा, डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा, एक फेरा. कारण जमिनीवरचं चाक थांबलेलं असतं आणि डिफरन्शियल अर्धी हालचाल गिळतं. दोन फेऱ्यांत शाफ्ट चार फेरे आणि साधारण एक तृतीयांश फिरला. मोजायला सोपं जावं म्हणून वीस फेरे दिले, शाफ्टचे ४३ झाले. गुणोत्तर ४.३. हे करताना दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड हवेतच, कारण गाडी न्यूट्रलमध्ये असते आणि चाक फिरवायचं म्हणून हँडब्रेकही सोडलेला असतो.

आता ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. त्या वेगाला चाक सेकंदाला १०.३ वेळा फिरतं, शाफ्ट ४४.४ वेळा. चाकाचा दोष असेल तर थरथर सेकंदाला दहाच्या आसपास. शाफ्टचा बॅलन्स गेला असेल, म्हणजे त्याला पोचा पडला असेल किंवा वेल्डिंग केलेलं वजन उडालं असेल, तर ४४. आणि क्रॉसच्या कोनाचा दोष असेल तर शाफ्टच्या दुप्पट, ८९. क्रॉस एका फेऱ्यात दोनदा हिसका देतो, त्याच्या बनावटीतच ते आहे.

महामार्गावर

समृद्धीवर मालवाहू गाड्यांना ८० ची मर्यादा आहे, आणि आमचं काम त्याच्या आतच होतं. वेग मोबाइलच्या जीपीएसवर धरला, मीटरवर नाही. या गाडीचं मीटर ८० दाखवत असताना खरा वेग ७६ होता.

त्या रस्त्याचा स्वतःचाही एक ठेका आहे. काँक्रीटचे सांधे साधारण साडेचार मीटरवर येतात, त्यामुळे ८० च्या वेगात सेकंदाला पाच वेळा हलकं 'टप' ऐकू येतं. पहिल्यांदा बसणारा माणूस त्यालाच बिघाड समजतो. तो बाजूला काढायला पाच मिनिटं नुसतं बसून राहावं लागतं.

मग चाचण्या. पाचव्यात ७६ ला थरथर पूर्ण जोरात. त्याच वेगाला न्यूट्रल केलं. रस्ता सपाट, मागे कुणी नाही, इंजिन चालू (ब्रेकचं व्हॅक्यूम इंजिनावर असतं, ते बंद करून उतारावर सोडणाऱ्यांना मी गाडीत बसवत नाही). थरथर थोडी मऊ झाली, गेली नाही. म्हणजे इंजिन, क्लच, माउंटिंग संशयातून सुटले. ब्रेक हलका दाबून पाहिला, फरक नाही. ड्रमही सुटले.

चौथ्या गिअरमध्ये ही चाचणी करून निष्कर्ष काढणारे मी पाहिले आहेत आणि तो सापळा आहे. अशा गाडीत चौथा गिअर सरळ असतो, इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. वर चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. म्हणजे इंजिनाचा ठोका आणि क्रॉसचा हिसका दोन्ही शाफ्टच्या दुप्पट, अगदी एकावर एक. वेगळे करताच येत नाहीत. पाचव्यात इंजिन मागे पडतं आणि दोघांची फारकत होते.

मोबाइलने घातलेला घोळ

माझा भाचा तंत्रनिकेतनात शिकतो. थरथर मोजणारं ॲप त्याने आधीच घेऊन ठेवलं होतं. फोन सीटच्या बोल्टाशी घट्ट बांधला, ८० धरला. स्क्रीनवर शिखर आलं: सेकंदाला ११.

मालक म्हणाले, "मंग चाकच हाये नं भाऊ." मीही क्षणभर गप्प झालो. चाकाचा आकडा १०.३, हा ११. एवढा फरक तर वेग थोडा इकडेतिकडे झाला तरी पडतो. पुन्हा एकदा बॅलन्सिंगला पाठवायची वेळ आली होती.

पण मी परत येताना वेग कमी करायला सांगितला. ७६ ला आकडा साडेपंधरा झाला. ७२ ला २०. वेग कमी होतोय आणि थरथरीचा आकडा वाढतोय! अशी कुठलीही फिरणारी वस्तू गाडीत नाही.

उत्तर भाच्याने दिलं, आणि ते ऐकून मला जुन्या सिनेमातल्या टांग्याची चाकं आठवली, जी पडद्यावर उलटी फिरताना दिसतात. कॅमेरा सेकंदाला मोजक्याच वेळा डोळा उघडतो. दोन उघडझापींच्या मध्ये आरा जवळजवळ पुढच्या आऱ्याच्या जागी पोचलेला असतो, म्हणून तो मागे सरकल्यासारखा वाटतो. त्या फोनचा हादरे मोजणारा सेन्सर त्या ॲपमध्ये सेकंदाला १०० वेळा डोळा उघडत होता. अशा सेन्सरला ५० पर्यंतचंच खरं दिसतं. त्याच्या पुढचं काही आलं की ते दबून का होईना, पण १०० मधून वजा होऊन दिसतं. ८९ ची थरथर ११ म्हणून, ८४ ची १६ म्हणून, ८० ची २० म्हणून. तिन्ही आकडे जागच्या जागी बसले.

खात्री करायला ॲप सोडून फोनचा माइक वापरला, कारण आवाजाची नोंद सेकंदाला हजारो वेळा होते. काचा बंद करून पाचव्या गिअरमध्ये ७६ ला एक मिनिट आवाज घेतला आणि घरी येऊन त्याची उकल पाहिली. एक शिखर ६८ च्या आसपास, ते इंजिनाचं. दुसरं त्याहून बरंच उंच, ८४ वर. शाफ्ट त्या वेगाला ४२ वेळा फिरतो. बरोब्बर दुप्पट. ४२ वर नुसता उंचवटा होता, म्हणजे शाफ्टचा बॅलन्स ठीक.

खाली

गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर घेतली, पण घोड्या मागच्या ॲक्सलखाली लावल्या. चेसिसखाली लावल्या असत्या तर ॲक्सल लोंबला असता, शाफ्टचा कोन बदलला असता आणि आम्ही जी गाडी तपासली असती ती रस्त्यावर धावणारी गाडी नसतीच.

शाफ्टला पोचा नव्हता. डायल गेज लावून हाताने फिरवला, मधोमध अर्ध्या मिलिमीटरच्या आत. क्रॉस चारही बाजूंनी सैल नाही, ग्रीस ताजं. नवं सेंटर बेअरिंगही ठीक. इथे पुष्कळजण "सगळं ओके आहे" म्हणून उठतात.

मागच्या शाफ्टच्या पुढच्या टोकाला दात्यांचा सरकता जोड असतो. पाटे दबले-उठले की शाफ्ट तिथे लांब-आखूड होतो. क्रॉस बदलताना मिस्त्री सोयीसाठी तो जोड ओढून वेगळा करतो आणि परत बसवतो. बसवताना शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन कान, एका रेषेत आले पाहिजेत. त्यासाठी दोन्ही भागांवर बाण ठोकलेले असतात. आमच्या शाफ्टवर बाण दिसत नव्हते. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन खरवडलं तेव्हा एक दिसला, आणि त्याच्यासमोर जिथे दुसरा असायला हवा तिथे काही नव्हतं. तो एक दात बाजूला होता.

जोडाला सोळा दाते. एक दात म्हणजे साडेबावीस अंश.

एका दाताने एवढा फरक का पडतो? क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी मागचा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. पिनियनजवळचा (पिनियन म्हणजे शाफ्टकडून फिरकी घेऊन क्राऊनला फिरवणारा लहान गिअर) दुसरा क्रॉस हीच चूक उलट दिशेने करतो आणि दोघांची वजाबाकी होऊन पिनियनला एकसारखी चाल मिळते. पण वजाबाकीसाठी दोघांची वेळ जुळायला हवी. एक दात सरकला की वेळ चुकते, आणि गणित मांडलं तर एका क्रॉसच्या हिसक्याचा सुमारे पाऊण भाग न मिटता उरतो. दोन बैलांपैकी एकाने अर्धं पाऊल उशिरा टाकलं तर जू जसं हिसकतं तसं. ताडपत्रीखाली, चिखलात, बाण दिसत नसताना ही चूक माझ्याकडूनही झाली असती. खोलण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ मारली असती तर ती टळली असती.

आता रिकाम्या गाडीचं कोडं. फोन इथे मात्र कामाला आला, त्यातली पाणसळ अंश दाखवते. पुढचा शाफ्ट १ अंश, मागचा ७, पिनियन दीड. म्हणजे पुढच्या क्रॉसवर ६ अंशांचा कोन आणि मागच्यावर साडेपाच. रांगेत याच बनावटीची दुसरी रिकामी पिकअप उभी होती, पाटे मूळचे. तिचा कोन साडेचार निघाला. मग आमच्या गाडीत दुसऱ्या दिवशी भरायचे क्रेट आदल्या संध्याकाळीच चढवले आणि परत मोजलं: ३ अंश.

क्रॉसचा हिसका कोनाच्या वर्गाने वाढतो. ३ चे ६ झाले की हिसका चौपट. भरलेली गाडी शहाणी आणि रिकामी वेडी, याचं कारण एवढंच. साडेचारचे सहा होणं म्हणजे पावणेदोन पट, आणि तेवढी भर ऑक्टोबरात वाढवलेल्या पाट्याची. जुलैची चूक पोळ्याला दिसली आणि दिवाळीला असह्य झाली.

दुरुस्ती आणि वाटाघाट

सरकता जोड खोलला, धुतला, ग्रीस लावून बाणासमोर बाण बसवला. चाळीस मिनिटं. नवा भाग एकही नाही. दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली, पुढच्या माणसासाठी.

दुसऱ्या दिवशी मालक कळमन्याहून रिकामे परतताना सेलडोहजवळून फोन आला. बायको शेजारी बसली होती, फोन तिनेच लावला होता. "भाऊ, आता थरथर नाही येत, पण थोडं गुणगुणते."

ते अपेक्षित होतं. ६ आणि साडेपाच सारखे नाहीत, त्यामुळे थोडी शिल्लक राहणारच. माझ्या हिशेबाने आधीच्या पाचव्या हिश्श्याइतकी. भाच्याने विचारलं की पाट्याखाली पाचर घालून पिनियनचा कोन अजून जुळवू या का. मी नको म्हटलं. दोन्ही कोन जवळपास सारखे आहेत, अडचण त्यांच्या मोठेपणाची आहे. पाचर घातली तर रिकाम्या गाडीत अर्धा अंश कमवायचा आणि भरलेल्या गाडीत गमवायचा. खरा इलाज म्हणजे वाढवलेला पाटा काढणं.

त्यावर मालक हसले. "पाटा राहू द्या जी. सोयाबीनच्या टायमाले मंग काहाले बोंबलत बसू?" मी त्यांना सांगितलं की पाटा वाढवल्याने आरसी बुकातलं वजन वाढत नाही, ॲक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच. फक्त मागचा भाग बसलेला दिसत नाही, आणि पोलिसाला दिसत नाही म्हणजे बेअरिंगला कळत नाही असं नाही. ऐकून घेतलं. पाटा काढला नाही. गाडी त्यांची आहे, आणि उरलेली गुणगुण धोक्याची नाही हेही खरं, म्हणून मी ताणलं नाही. रिकामं असताना पंचाहत्तरच्या आत चालवा एवढंच ठरलं.

मजुरी घेतली शाफ्टची आणि चार रिम खरवडण्याची. मोजमापात दोन दिवस गेले त्याचे काय लावायचे ते मला आजही ठरवता येत नाही, बिलात त्याला ओळच नसते.

जानेवारीत गाडी ऑइल बदलायला आली तेव्हा पिनियनचं सील ओलं दिसलं. चार महिने हिसके खाल्ले त्याचा तो परिणाम असावा, नाहीतर वयाचा. बदललं. त्यासाठी शाफ्ट पिनियनकडून सोडावा लागलाच होता, म्हणून परत चढवल्यावर टॉर्च मारून पाहिलं. बाण समोरासमोर होते, पांढरी रेघ चिखलाखाली निम्मी गेली होती. ती पुसून पुन्हा मारली.